पद्मिनीच्या डिकीतील हत्यारे आणि सुटे भाग : चौदा महिन्यांच्या वापरानंतर

आमची प्रीमियर पद्मिनी १९७८ सालची आहे. वडिलांनी नाव नोंदवून, बरीच वाट पाहून ती घेतली होती. इंजिनाचे काम पूर्ण झाल्यावर गेल्या चौदा महिन्यांत तिचे सुमारे सहा हजार किलोमीटर झाले असून, त्यातील बहुतेक पुण्याहून सातारा, उंब्रज, पाटण आणि कुंभार्ली घाटमार्गे चिपळूणजवळच्या आमच्या गावी जाण्यायेण्याचे आहेत. या काळात डिकीत काय ठेवावे आणि कसे ठेवावे याबाबतचे माझे मत दोनदा पूर्णपणे बदलले. गाडी १०८९ सीसीची, कार्ब्युरेटरची आणि पॉइंटवर (प्लगच्या ठिणगीसाठी वीज ठरावीक वेळी जोडणारी-तोडणारी टोके) चालणारी असल्याने तिचा बहुतेक बिघाड रस्त्याच्या कडेला दुरुस्त करता येतो. मात्र त्यासाठी योग्य वस्तू हाताशी असावी लागते.

पहिली मांडणी साधी होती. जे लागू शकेल ते सर्व मी पत्र्याच्या एका जुन्या ट्रंकेत भरले. त्यात पान्यांचे दोन संच, जॅक, ऑइलचे डबे, दोन फॅनबेल्ट, रेडिएटरचे होस पाइप, वॉटर पंप, कॉइल (प्लगसाठी विजेचा दाब वाढवणारा भाग), प्लग, ब्रेकचे रबर किट आणि हेड गॅसकेटसुद्धा होते. किराणा दुकानाच्या काट्यावर ही ट्रंक ३१ किलो भरली. एवढे वजन मागच्या चाकांच्याही मागे पडत असल्याने मागचे पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) दबत होते आणि रात्री हेडलाइटचा झोत वर जाऊन समोरून येणाऱ्यांच्या डोळ्यांत शिरत होता. तरीही पाच महिने मी ती तशीच वागवली, कारण सगळे बरोबर आहे या विचाराने प्रवासात मनाला स्वस्थता वाटत असे.

जुलैमध्ये पाटणच्या अलीकडे, रात्री नऊच्या सुमारास आणि भर पावसात फॅनबेल्ट तुटला. चार्जिंगचा लाल दिवा लागला आणि पाठोपाठ तापमानाचा काटा चढू लागला. या गाडीत त्याच पट्ट्यावर वॉटर पंपही चालतो, त्यामुळे गाडी तत्काळ थांबवणे भाग होते. पट्टा बदलण्याचे काम पंधरा मिनिटांचे आहे. डायनामोचे बोल्ट सैल करायचे, नवा पट्टा चढवायचा आणि मधोमध अंगठ्याने दाबल्यावर साधारण एक ते दीड सेंटिमीटर दबेल इतका ताण देऊन बोल्ट पुन्हा आवळायचे. मात्र पट्टा ट्रंकेच्या तळाशी, जॅक आणि ऑइलच्या डब्यांखाली होता, आणि हवा असलेला सतरा नंबरचा पाना दुसऱ्याच कोपऱ्यात होता. छत्री धरून उभ्या असलेल्या पत्नीच्या पायाशी एकेक वस्तू काढून ठेवत ते शोधण्यात चाळीस मिनिटे गेली, आणि तोवर निम्मे सामान चिखलात भिजले होते.

त्यानंतर मी ट्रंक काढून टाकली आणि सामानाचे तीन भाग केले. पहिला भाग म्हणजे जाड कॅनव्हासची गुंडाळी, जिच्यात प्रत्येक हत्याराला वेगळा कप्पा शिवून घेतला आहे. तीत ८ पासून २२ मिलिमीटरपर्यंतचे नेहमी लागणारे पाने, प्लग पाना, पक्कड, दोन स्क्रू ड्रायव्हर, फीलर गेज (बारीक फट मोजायच्या पात्यांचे साधन) आणि तारेला चिमटा लावलेला बारा व्होल्टचा टेस्ट लॅम्प आहे. पद्मिनी ही मुळात फियाटच, आणि फियाटला मिलिमीटरचे पाने लागतात आणि जुन्या अँबॅसडरला इंची, त्यामुळे मित्राकडून उसना आणलेला संच ऐन वेळी उपयोगी पडेल या भरवशावर कोणी राहू नये. दुसरा भाग विजेच्या सुट्या भागांचा, घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात. तिसऱ्या भागात फॅनबेल्ट, होस पाइप, क्लिपा, इन्सुलेशन टेप आणि एम-सील एका कापडी पिशवीत. डिकी उघडताच प्रथम गुंडाळी, त्रिकोणी परावर्तक आणि कपाळावर बांधायचा दिवा हाताला लागतात. त्यांच्यावर प्रवासाची एकही बॅग ठेवायची नाही, हा आमच्या घरातील नियम झाला आहे. कप्प्यांमुळे खडखडाटही पूर्ण थांबला, आणि हा फायदा मी समजत होतो त्यापेक्षा मोठा निघाला, कारण जुन्या गाडीत नवा आवाज सुरू झाला की तो लगेच ऐकू यावा लागतो.

या नव्या मांडणीवर मी समाधानी होतो. पण त्यातील मोठी उणीव नोव्हेंबरात, कुंभार्ली घाट चढताना समोर आली. इंजिन मिसिंग करू लागले, सायलेन्सरमधून बार निघू लागले आणि एका वळणानंतर गाडी बंद पडली. चाकांमागे दगड लावले, परावर्तक वळणाच्या अलीकडे नेऊन ठेवला आणि तपासणी सुरू केली. टेस्ट लॅम्पचे एक टोक कॉइलच्या डेल्कोकडील (डेल्को म्हणजे पॉइंट ज्यात बसतात तो, प्लगना वीज वाटणारा भाग) टोकाला आणि दुसरे बॉडीला लावून पत्नीला सेल्फ मारायला सांगितले, तर दिवा व्यवस्थित उघडमीट करत होता. म्हणजे पॉइंट आपले काम करत होते. मग स्विच चालू ठेवून स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने पॉइंट हळूच उघडले, तेव्हा दोन टोकांमध्ये पिवळसर, जाडसर ठिणगी दिसली. अशी ठिणगी हे कॉन्डेन्सर (पॉइंटवरची ठिणगी दाबणारा छोटा भाग) गेल्याचे नेहमीचे लक्षण आहे. डब्यात वेष्टनही न उघडलेला कोरा कॉन्डेन्सर होता. दहा मिनिटांत तो बसवला, पण गाडीत काडीचाही फरक पडला नाही.

खरी अडचण इथून सुरू झाली. भाग नवा असल्याने त्याच्यावर संशय घ्यावा असे मला सुचलेच नाही. मी माझ्या निदानावर संशय घेतला. कॉइल बदलली, रोटर (डेल्कोतील फिरता भाग) बदलला, चारही प्लग काढून पुसले, पॉइंटचा गॅप पुन्हा मोजला. अडीच तास गेले आणि घाटात पूर्ण अंधार झाला. अखेर पत्नीने डॅशबोर्डच्या कप्प्यात वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक पुडी शोधून काढली. इंजिनाच्या कामाच्या वेळी आमच्या मेस्त्रींनी जुना कॉन्डेन्सर काढून, ‘टाकू नका, चांगला आहे,’ असे म्हणून तो मला दिला होता. तो बसवला आणि पहिल्याच सेल्फला इंजिन चालू झाले. पुढे गॅरेजमध्ये तपासल्यावर कळले की पुण्यातील एका दुकानातून आणलेला तो कोरा कॉन्डेन्सर आतून तुटलेलाच होता. तो कोणत्याही गाडीवर एक क्षणही चालला नसता.

तेव्हापासून मी एकही कोरा भाग डिकीत ठेवत नाही. नवा भाग आणला की तो प्रथम गाडीवर बसवतो, पाचशे किलोमीटर चालवतो आणि गाडीवरून उतरवलेला, चालू स्थितीतील जुना भाग पुसून डब्यात ठेवतो. प्रत्येकाला चिकटपट्टी लावून तो कधी उतरवला आणि तोवर किती चालला होता हे लिहिले आहे. कॉइल, रोटर, डेल्कोची कॅप, कॉन्डेन्सर आणि पॉइंट हे सर्व आता असे पारखलेले आहेत. यात खर्च वाढत नाही, फक्त आधी दोन-तीन रविवार द्यावे लागतात. आणखी एक लाभ असा की भाग बसवताना कोणता स्क्रू कुठे अडतो हे घरच्या उजेडात कळते. पॉइंट धरून ठेवणारा बारीक स्क्रू हातातून निसटून डेल्कोत पडतो, हे मला अंगणातच समजले. त्यामुळे आता दोन जादा स्क्रू आणि चुंबकीय टोकाचा स्क्रू ड्रायव्हर डब्यातच असतो. मुंबईच्या रस्त्यांवरून ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस पद्मिनी टॅक्सी कायमच्या उतरल्या, आणि टॅक्सीवाल्यांमुळे चालणारी सुट्या भागांची उलाढाल त्यांच्याबरोबर ओसरत चालली आहे. अशा वेळी चालू स्थितीतील जुना भाग भंगारात देणे मला मुळीच पटत नाही.

कोकणातील दमट हवेचा अनुभवही नोंदवायला हवा. कॅनव्हास पाणी धरून ठेवतो, म्हणून गुंडाळी भिजल्यावर दोन दिवसांत पान्यांवर तांबूस डाग आले. आता पावसाळ्यात हत्यारांना ऑइलचा हात फिरवून ठेवतो आणि गुंडाळी प्लास्टिकच्या जाड पिशवीत घालतो. पॉइंटच्या टोकांना मात्र तेलाचा स्पर्शही होऊ देऊ नये. ते कागदात गुंडाळून, सिलिका जेलच्या पुडीसह डब्यात ठेवले तर स्वच्छ राहतात. रबरी भागांची पिशवी ऑइलपासून दूर असावी. पेट्रोलचा कॅन मी बाळगत नाही, आणि कोणी बाळगू नये असे माझे स्पष्ट मत आहे. हल्लीच्या वीस टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलने आमच्या गाडीची जुनी इंधननळी आतून मऊ झाली होती, त्यामुळे इथेनॉल सहन करणारी एक मीटर नळी आणि चार क्लिपा मी कायम ठेवतो.

वॉटर पंप, हेड गॅसकेट आणि ब्रेकचे रबर किट मी घरी ठेवले आहे, कारण ही कामे रस्त्याच्या कडेला करण्याची नाहीत; तिथे टो करणेच योग्य. ब्रेक ऑइलची फोडलेली बाटलीही काढली, कारण ते हवेतील ओलावा शोषून घेते आणि सांडले तर रंग उतरवते. उलट जॅकखाली घालायची एक फूट लांब लाकडी फळी आधी नव्हती, ती आली; मातीच्या साइडपट्टीवर तिच्याशिवाय जॅक जमिनीत रुततो. पाच लिटर पाणी आणि एक जुना टॉवेलही कायम असतो. एप्रिलमध्ये पसरणी घाटात इंधन पंपात वाफ धरून गाडी अडली, तेव्हा ओला टॉवेल पंपावर गुंडाळून वीस मिनिटे थांबल्यावर ती निघाली. एकही पाना लागला नाही. स्टेपनी आणि पाणी सोडून सगळे सामान आता बारा किलो भरते.

एक भाग अजून पारखायचा राहिला आहे, तो म्हणजे इंधन पंप. नवा पंप गेल्या महिन्यात गाडीवर चढवला असून त्याचे तीनशे वीस किलोमीटर झाले आहेत. जुना पंप पुसून, तोंडांना बुचे लावून डब्याशेजारी ठेवला आहे. त्याच्या चिकटपट्टीवर तारीख लिहिली आहे.