एकाच नाकपुडीतून घाण वास: आधी दाताचे डॉक्टर की नाकाचे?

सर्दी-ॲलर्जीचा सायनस बहुतेक वेळा दोन्हीकडे त्रास देतो. दातामुळे झालेला मात्र सहसा एकीकडेच: एकच गाल जड, एकाच नाकपुडीतून पिवळट शेंबूड आणि कुजका वास, जो दुसऱ्यांआधी आपल्यालाच येतो. दाढ दुखत नाही म्हणून तिच्यावरचा संशय सोडू नका. वरच्या दाढांची मुळं सायनसच्या, म्हणजे गालाच्या हाडामागच्या पोकळीच्या, तळाला अगदी खेटून असतात. पू वर निसटला की दाब उतरतो आणि ठणका थांबतो.

नाक-कान-घशाचे डॉक्टर दुर्बिणीने पू कुठून येतो ते पाहतात. एका बाजूचा सायनस बुरशीच्या गोळ्याने, क्वचित गाठीनेही भरतो, त्याची शंकाही तिथेच येते. दाताचे डॉक्टर दाढेला गारेगार कापसाचा बोळा लावतात: जिवंत दाढ चटकन शिणशिणते, मेलेली गप्प. (कॅप असेल तर ही परीक्षा फारशी भरवशाची नाही.) पहिला नंबर कुणाचाही लावा, पण दोघांनाही दाखवा.

फोटोत ओपीजी (पूर्ण जबड्याचा सपाट एक्स-रे) सोपा, पण त्यात सगळं एकावर एक येतं आणि मुळाच्या टोकाचा छोटा पू लपून राहतो. सीबीसीटीत (दात-जबड्याच्या त्रिमितीय स्कॅनमध्ये) तो दिसतो. सायनसचा सीटी आधीच काढला असेल तर नवा काढण्याची घाई नको. तोच दाताच्या डॉक्टरांपुढे ठेवा. रिपोर्टमध्ये दाढेचा उल्लेखच नसतो, असं बऱ्याचदा होतं.

नुसत्या अँटिबायोटिकने चार दिवस बरं वाटतं, मग पुन्हा तेच, कारण सडका गर आतच असतो. दाढ वाचण्यासारखी असेल तर मी रूट कॅनाललाच कौल देईन. मूळ तडकलं असेल किंवा हाड फार झिजलं असेल तर काढलेली बरी. मात्र काढताना सायनसला भोक पडू शकतं. चूळ भरताना पाणी नाकातून आलं तर नाक न शिंकरता त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.

दुर्बिणीच्या ऑपरेशनने सायनस लवकर मोकळा होतो, पण दाढ तशीच राहिली तर तो पुन्हा भरण्याची भीती असते. उलट, बऱ्याच जणांचा सायनस दाढेच्या उपचारानेच निवळतो. म्हणून त्रास सोसवत असेल तर आधी दाढ, मग थोडं थांबून ऑपरेशनचा विचार. डोळा सुजला, दोन-दोन दिसू लागलं किंवा तापासोबत मान आखडली, तर मात्र हा क्रम विसरून थेट हॉस्पिटल गाठा.