लाळेचा किट की जनुक-पॅनेल?

आईला पंचेचाळिशीतच स्मृतिभ्रंश, मामालाही तेच. आता घरगुती डीएनए किट मागवू की दवाखान्यात रक्त देऊन पॅनेल (आजाराशी जोडलेली अनेक जनुकं एकत्र वाचणारी चाचणी) करू, असं एका मैत्रिणीने विचारलं.

किट सोपं आणि स्वस्त, यात वाद नाही. पण ते तपासतं काय? बहुधा एपीओई हे जनुक. त्यातला ई-४ प्रकार धोका वाढवतो, आजार ठरवत नाही. तो असूनही कित्येकांची स्मरणशक्ती शेवटपर्यंत शाबूत राहते. कमी वयात, पिढ्यान् पिढ्या उतरणाऱ्या अल्झायमरमागे मुख्यतः एपीपी, प्रेसेनिलिन-१ आणि प्रेसेनिलिन-२ ही जनुकं असतात. एकट्या प्रेसेनिलिन-१ मध्ये ३०० हून अधिक बदल नोंदले गेलेत. किट मोजक्या जागा वाचतं, पॅनेल ही जनुकं सलग वाचतं. त्यामुळे किटवर ‘काही आढळलं नाही’ आलं तरी अशा घरात निर्धास्त होऊ नये.

पॅनेल महाग, वेळखाऊ, आणि कधी ‘अर्थ अनिश्चित’ असा, म्हणजे आजाराचा की निरुपद्रवी हे न कळणारा बदल हाती देतं. शिवाय सी-९-ओआरएफ-७२ या जनुकातली डीएनएच्या सहा अक्षरांची लांबलचक पुनरावृत्ती साध्या सिक्वेन्सिंगमधून (जनुक अक्षर-अक्षर वाचण्यातून) निसटू शकते. फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया (वागणं आणि भाषा आधी बिघडवणारा स्मृतिभ्रंश) किंवा एएलएस (स्नायू दुबळे करत जाणारा मज्जातंतूंचा आजार) घरात असेल तर ती चाचणी वेगळी मागा.

निव्वळ कुतूहल असेल, घरात कुणाला लवकर आजार झालेला नसेल, तर किट चालेल. मैत्रिणीसारख्या घरात मात्र पॅनेलच, तेही आधी आईचं. तिच्यात बदल सापडला तर मुलीत तो असण्याची शक्यता ५० टक्के. तेव्हा समुपदेशकाशी बोलून, हवं असेल तरच, तेवढाच बदल तपासावा.