तेरा महिन्यांची वर्गणी आणि एक बटण: 'युरोपा युनिव्हर्सलिस ४'च्या सबस्क्रिप्शनचा अनुभव

जून २०२२ मधला शनिवार. न्यू जर्सीत सकाळचे साडेनऊ, म्हणजे पुण्यात संध्याकाळचे सात. मावसभाऊ हेडफोन लावून तयार बसला होता. 'युरोपा युनिव्हर्सलिस ४' हा एखादं ऐतिहासिक राज्य चालवण्याचा संगणकावरचा खेळ आम्ही दोघं इंटरनेटवरून खेळतो. मी होस्ट म्हणून, म्हणजे सामना उघडणारी म्हणून, तो सुरू करायला गेले तर लाँचरच्या यादीतले सगळे विस्तार, म्हणजे मूळ खेळात घालायच्या वेगळ्या विकतच्या भरी, बंद. "ताई, काय झालं?" असं त्याने दोनदा विचारलं. मलाही काही कळत नव्हतं. दहा मिनिटांनी ईमेल सापडला: ज्या मासिक वर्गणीवर ते विस्तार मिळतात तिचे पैसे कार्डावरून गेले नाहीत.

आठ दिवसांपूर्वी माझ्या बँकेने संशयास्पद व्यवहाराचं कारण देऊन जुनं कार्ड रद्द केलं होतं आणि नवं पाठवलं होतं. जुन्या नंबरावरच्या सगळ्या वर्गण्या आपोआप नव्या कार्डावर वळतील, तुम्हाला काहीही करायला नको, असं फोनवर ठासून सांगितलं होतं. विजेचं बिल वळलं, फोनचं वळलं, हे वळलं नाही. त्या शनिवारी मी चाळीस मिनिटं बँकेच्या फोनवर होते. पुण्यात नऊ वाजून गेले, भावाला दुसऱ्या दिवशी लवकर उठायचं होतं आणि आमचा खेळ बुडाला. मोहिमेची सेव्ह फाइल जागच्या जागी होती, पण विस्तारांशिवाय ती पुढे खेळण्यात अर्थ नव्हता.

तेरा महिने नियमाने पैसे भरूनही माझ्या हातात काय उरलं, हा प्रश्न मला त्या सकाळी पहिल्यांदा पडला. म्हणून हा अनुभव लिहिते आहे.

वर्गणी मी मे २०२१ मध्ये घेतली. खेळ बनवणाऱ्या पॅराडॉक्स कंपनीने ही योजना त्याच वर्षी मार्चमध्ये सुरू केली होती: महिन्याला ४.९९ डॉलर आणि २०१३ पासूनचे सगळे विस्तार खुले. महाराष्ट्रात तेव्हा दुसरी लाट होती. मावशी एका खोलीत विलगीकरणात, भाऊ बाहेर हॉलमध्ये एकटा, आणि मी इथे तेरा हजार किलोमीटरवर. रोज फोन करून तेच ते विचारायचं आणि तेच ते ऐकायचं, याने दोघंही थकलो होतो. मूळ खेळ त्याच्याकडे कॉलेजपासून होता, विस्तार एकही नव्हता. या खेळात होस्टकडे जे विस्तार असतात ते त्या सामन्यापुरते सगळ्यांना मिळतात. म्हणजे मी एकटीने पाच डॉलर भरले की दोघांचं भागत होतं. तेव्हा मी हिशोबही केला नाही. त्या महिन्यांत ते पाच डॉलर मला कुठल्याही औषधापेक्षा स्वस्त वाटले, आणि आजही वाटतात.

खेळ १४४४ सालात सुरू होतो. त्यात तो बहामनी राज्य घेतो, मी विजयनगर. रायचूर दुआबावर दोघांचाही डोळा, म्हणून १५०० पर्यंत एकमेकांवर स्वारी करायची नाही असा करार आधीच करून घेतला.

आता त्या बटणाबद्दल. युरोपातला देश घेऊन खेळणाऱ्यांना याचं महत्त्व फारसं जाणवत नाही, दख्खनेत बसलेल्यांना पहिल्या पन्नास वर्षांतच जाणवतं. २०१६ मध्ये 'राइट्स ऑफ मॅन' या विस्ताराबरोबर आलेल्या पॅचने, म्हणजे सगळ्यांना मिळणाऱ्या मोफत सुधारणेने, खेळात संस्था, म्हणजे इतिहासातल्या नव्या विचारांच्या लाटा, आणल्या: १४५० ला रेनेसाँ (प्रबोधन), १५०० ला वसाहतवाद, १५५० ला छापखाना, पुढे आणखी. रेनेसाँ इटलीत उगवतो आणि तिथून हळूहळू सरकत येतो. तुमच्यापर्यंत पोचेस्तोवर तुमचं तंत्रज्ञान वर्षागणिक महाग होत जातं, एकेका संस्थेमागे ५० टक्क्यांपर्यंत. यावर इलाज एकच: आपला एखादा चांगला प्रांत निवडायचा, साठवलेले राजगुण (राजाच्या कुवतीप्रमाणे मिळत जाणारे गुण) त्यात ओतून त्याचा विकास करायचा आणि ती संस्था आपल्याच मातीत उगवायला लावायची. संस्थांची झळ मोफत पॅचमधून सगळ्यांना लागली. विकास करण्याचं बटण मात्र 'कॉमन सेन्स' या २०१५ च्या विकतच्या विस्तारात होतं.

याचा मला जितका राग आला तितका किमतीचा कधीच आला नाही. नव्या मोहिमा, नवी गाणी, सैनिकांचे नवे पोशाख विकत ठेवा, कुणाची हरकत नाही. ज्याला हवं तो घेईल. पण खेळाच्या नियमामुळे मार बसतो आणि त्यातून उठण्याची सोय तेवढी विकत घ्यावी लागते, हे मला पटलं नाही. त्यातही मार बसतो तो आपल्याकडच्या, चीनमधल्या, आफ्रिकेतल्या राज्यांना. लिस्बन किंवा व्हेनिस घेऊन बसणाऱ्याला हे बटण नसलं तरी चालून जातं. भावाने मूळ खेळावर बहामनी घेऊन तीनदा मोहीम सोडून दिली होती आणि आपल्यालाच नीट खेळता येत नाही असं तो समजत होता. पहिल्या शनिवारी त्याने बिदरच्या प्रांतात ते बटण वापरलं आणि म्हणाला, "म्हणजे एवढंच कमी होतं?" हो, एवढंच कमी होतं.

पहिले सहा महिने वर्गणीबद्दल माझं मत अतिशय चांगलं होतं. आमच्या पुण्याच्या घराजवळच्या वाचनालयात दिवाळी अंकांची योजना असायची. एकदा पैसे भरायचे आणि पुढचे काही महिने वाटेल तितके अंक आळीपाळीने घरी आणायचे. आई त्यातला एखादाच अंक पुढच्या वर्षी विकत घ्यायची, जो तिला पुन्हा पुन्हा चाळावासा वाटे तो. वर्गणीचा मला तसाच उपयोग झाला. 'लेव्हायथन' एप्रिल २०२१ च्या शेवटी आलं, चुकांनी भरलेलं. स्टीम या खेळांच्या ऑनलाइन दुकानावर खेळाडूंनी त्याला इतकी नापसंती दिली की स्टीमवरच्या सर्वांत खालच्या नोंदींमध्ये ते गणलं गेलं आणि बनवणाऱ्यांना जाहीर माफी मागावी लागली. ज्यांनी ते वीस डॉलरला घेतलं त्यांचे वीस डॉलर अडकले. मी ते दोन शनिवार पाहिलं, बंद करून टाकलं, मला वेगळा एक सेंटही पडला नाही.

मग दिवाळी आली. ऑक्टोबरच्या शेवटी मी दीड महिन्यासाठी पुण्याला गेले, दोन वर्षांनी. भाऊ समोर बसलेला असताना खेळ कशाला उघडायचा? नोव्हेंबरमध्ये एकही मिनिट खेळले नाही. डिसेंबरमध्ये परत आल्यावर ऑफिसची साठलेली कामं होती, तेव्हाही नाही. वर्गणी दोन्ही महिन्यांची गेली. आफ्रिकेवरचा 'ओरिजिन्स' विस्तार त्याच नोव्हेंबरमध्ये आला आणि मी तो अजून उघडलेला नाही. मार्च २०२२ मध्ये एकच शनिवार जमला.

मी खर्चाची वही ठेवते, कागदी. तेरा हप्ते गुणिले ४.९९, म्हणजे ६४.८७ डॉलर. मोठ्या विस्ताराची पूर्ण किंमत साधारण २० डॉलर, म्हणजे या पैशांत पूर्ण भावाने तीन मोठे विस्तार आले असते, आणि सेलमध्ये निम्म्या भावाने मिळाले तर सहा. रिकाम्या दोन महिन्यांचे ९.९८ डॉलर मी वहीत वेगळे, लाल शाईने लिहिले आहेत. रक्कम लहान आहे, इथे दोन कॉफ्यांचीही नाही. पण ज्या गोष्टीला मी हात लावला नाही तिचे पैसे माझ्या खात्यातून निघून गेले आणि मला ते सहा महिन्यांनी वही चाळताना कळलं, हे मला सलतं. विकत घेतलेली वस्तू कपाटात पडून राहिली तर निदान पुन्हा पैसे मागत नाही.

कार्डाचं प्रकरण घडलं ते या पार्श्वभूमीवर. मी वर्गणी पुन्हा चालू केली नाही. दोन आठवड्यांनी स्टीमचा उन्हाळी सेल लागला, २३ जूनला. तेरा महिन्यांत नक्की काय वापरलं याची यादी केली आणि ती अनपेक्षितपणे आखूड निघाली. बटणासाठी 'कॉमन सेन्स'. फौजांच्या आणि मित्रराज्यांच्या सोयींसाठी 'आर्ट ऑफ वॉर'. 'राइट्स ऑफ मॅन'. आणि भारतावरचा 'धर्मा', जो २०१८ मध्ये आला आणि ज्याच्याशिवाय विजयनगर घेऊन बसण्यात मला आता रस नाही. चार. तेवढेच विकत घेतले. बाकी सगळं, पोशाख आणि संगीतासकट, मी पाहिलं होतं, त्यातलं बरंचसं आवडलंही होतं, पण त्याच्या नसण्याने माझं काही अडणार नव्हतं. वर्गणी घेतली नसती तर ही यादी मला कधीच करता आली नसती. दुसऱ्यांच्या शिफारशी वाचून मी नक्कीच आठ-दहा विस्तार घेतले असते.

त्यामुळे माझं मत इथे पुन्हा बदललं. ते ६४ डॉलर वाया गेले असं मी आता म्हणत नाही. चार महिन्यांत ही यादी झाली असती, म्हणजे वीस डॉलरच्या आत काम झालं असतं. उरलेले नऊ हप्ते आळसाचे. वर्गणी घेताना बंद करण्याची तारीख त्याच दिवशी कॅलेंडरवर लिहायला हवी होती.

विकत घेणं म्हणजे कायमचं घेणं असंही समजू नका. 'डेस्टिनी २'ने नोव्हेंबर २०२० मध्ये लोकांनी पैसे देऊन घेतलेल्या जुन्या मोहिमाच खेळातून काढून घेतल्या. 'द क्रू' हा गाड्यांच्या शर्यतींचा खेळ ३१ मार्च २०२४ ला सर्व्हरसकट बंद झाला, विकत घेणाऱ्यांसाठीही. कॅलिफोर्नियात २०२४ मध्ये कायदा झाला, की डिजिटल वस्तू विकताना ग्राहकाला फक्त परवाना मिळतो हे त्याला स्पष्ट सांगितलं पाहिजे, आणि स्टीमच्या कार्टवर आता तशी ओळ दिसते. ती ओळ मी पहिल्यांदा वाचली तेव्हा बराच वेळ तशीच बसून होते. तरीही दोन्हींत फरक उरतोच. माझे चार विस्तार माझ्या खात्यात आहेत, ते बँकेने कार्ड बदललं म्हणून एका शनिवारी नाहीसे होत नाहीत.

'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'ची पद्धत मला यापेक्षा सरळ वाटते. तिथे २०१८ पासून जुने सगळे विस्तार वर्गणीतच येतात आणि फक्त ताजा विकत घ्यावा लागतो. महिन्याचे पंधरा डॉलर माझ्या वहीला परवडणारे नाहीत, तो भाग वेगळा. पण जे जुनं झालं आणि ज्यावर आता सगळा खेळ उभा आहे, ते मुळातच घालून टाकावं, हे तत्त्व बरोबर आहे.

आणि शेवटी इथेही तेच झालं. मी घेतलेल्या चारांपैकी तीन, 'कॉमन सेन्स', 'आर्ट ऑफ वॉर' आणि 'राइट्स ऑफ मॅन', पुढे मूळ खेळातच समाविष्ट झाले. ते बटण आज मूळ खेळ घेणाऱ्या प्रत्येकाला मिळतं. बातमी भावाने पाठवली. पहिल्यांदा वाईट वाटलं, पैसे दिलेल्या वस्तू फुकट झाल्या म्हणून. मग वही काढली. मधल्या काळात त्यांवर इतके शनिवार निघाले होते की तासाला पडलेला खर्च काढायला गेल्यावर सेंटसुद्धा नीट उरेनात. वाईट वाटणं संपलं. उलट बहामनी घेऊन तीनदा मोहीम सोडलेला भाऊ आठवला आणि हे २०१६ मध्येच व्हायला हवं होतं असं वाटलं. आज जे नव्याने सुरुवात करत असतील त्यांनी जुन्या शिफारशींच्या याद्या वाचून काही घेऊ नये, त्या याद्यांतले पहिले तीन आता तुमच्याकडे आहेतच. दख्खनेत खेळायचं असेल तर एक महिन्याची वर्गणी घ्या, 'धर्मा' पाहा, आवडला तर सेलमध्ये तेवढाच घ्या.

भावाने मागच्या वर्षी स्वतःच्या पगारातून 'धर्मा' घेतला. आता एक आठवडा तो होस्ट करतो, एक आठवडा मी. नोव्हेंबर २०२५ मध्ये 'युरोपा युनिव्हर्सलिस ५' आलं तेव्हा ते आपण घ्यायचं का, असं त्याने विचारलं. तो खेळ १३३७ मध्ये सुरू होतो. विजयनगराची स्थापना १३३६ ची, बहामनी सत्ता उभी राहिली १३४७ ला, म्हणजे माझं राज्य नुकतंच जन्मलेलं आणि त्याचं अजून जन्मायचं. "मग मी दहा वर्षं काय करू, ताई?" त्याने विचारलं. मूळ खेळ दोघांनी सेलमध्ये घ्यायचा, विस्तारांना वर्षभर हात लावायचा नाही, असं ठरलं आहे. तोवर १४४४ ची मोहीम चालू आहे. गेल्या शनिवारी १६०२ पर्यंत पोचलो आणि रायचूर अजून माझ्याकडे आहे.