सिमोनिस ८६० कापड : जुन्या पार्लरवाल्याचा वापरानंतरचा अनुभव

पुण्यात माझे पूल-स्नूकर पार्लर होते, तेव्हा नऊ फुटी पूल टेबलांवरही आम्ही स्नूकरचेच लवेचे, म्हणजे एका दिशेने झुकलेल्या बारीक तंतूंचे, कापड लावत असू. पार्लर बंद करताना त्यांतले एक टेबल मी सोसायटीच्या क्लबहाउसला दिले आणि गेल्या उन्हाळ्यात त्यावर सिमोनिस ८६० बसवून घेतले. बेल्जियममधील व्हर्व्हिए शहराशी १६८० पासूनचे नाते सांगणाऱ्या या कंपनीचे हे कापड ९० टक्के लोकर आणि १० टक्के नायलॉनचे असून त्याला लव नसते. मधे एक पूर्ण पावसाळा गेला आहे, त्यामुळे आता मत द्यायला हरकत नाही.

जुन्या कापडावर जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत चेंडू अगदी जड चालत. हेही पावसात थोडे मंदावले, पण खेळ अडला नाही. मोठा फरक दिशेचा आहे. लवेवर हळू सोडलेला चेंडू शेवटच्या वीतभर अंतरात एका बाजूला ढळतो, आणि तो ढाळ ठाऊक असणे हेच आमचे घरचे भांडवल होते. बाहेरगावाहून पैशांवर खेळायला येणाऱ्यांतला जाणता माणूस क्यू, म्हणजे खेळायची काठी, उचलण्याआधी पांढरा चेंडू तळहाताने हलकेच आडवा सोडून पाहत असे, आणि तेवढ्यावरूनच हा गडी नुसता वेळ घालवायला आलेला नाही हे मला कळे. पुढची रीत ठरलेली होती : रॅकमधला कोणताही क्यू घ्यायचा, टेबलच्या भाड्यावर दोन-तीन फ्रेम थोडक्यात हरायच्या आणि मग सहज विचारायचे, “जरा वाढवू या का, शेठ?” माझा मार्कर, म्हणजे टेबलाशी उभा राहून गुण मांडणारा माणूस, अशा वेळी कानाशी येऊन म्हणे, “मालक, बॉल चुकला म्हणून खूश होऊ नका, पांढरा कुठं थांबला ते बघा.” कच्च्या खेळाडूचा पांढरा चुकल्यावर कुठेही भरकटतो, मुद्दाम चुकणाऱ्याचा मात्र दर वेळी कुशनला, म्हणजे टेबलाच्या रबरी कडेला, चिकटून किंवा एखाद्या चेंडूच्या आड जाऊन बसतो.

नव्या कापडावर ही लबाडी अधिक लवकर उघडी पडते, कारण येथे जोर किंचित जास्त झाला तरी पांढरा टेबलभर फिरतो आणि त्याला वारंवार आडोशाला बसवणारा हात कसलेलाच असावा लागतो. दिवाळीत एका रहिवाशाच्या पाहुण्याने चहाच्या पैजेवर हाच खेळ मांडला; दोन कुशन घेऊन पांढरा आठ नंबरच्या मागे थांबलेला पाहिल्यावर पैज हजारावर नेण्याचा त्याचा प्रस्ताव मी हसून टाळला.

लवेच्या कापडाला एकाच दिशेने ब्रश आणि इस्त्री करावी लागे, येथे व्हॅक्यूम फिरवून कोरड्या फडक्याने पुसले की पुरते. ब्रेकच्या, म्हणजे डाव उघडणाऱ्या पहिल्या फटक्याच्या, जागी पांढरट ठिपके पडले आहेत. अशा गुळगुळीत कापडावर ते पडतातच आणि खेळात जाणवत नाहीत. किंमत मात्र खिशाला जाणवते. स्नूकरच्या टेबलासाठी मी हे सुचवणार नाही, कारण त्या खेळाला लव हवीच. पूलसाठी घेणाऱ्यांनी कुशनच्या पट्ट्यांचे कापडही त्याच वेळी बदलून घ्यावे आणि सुरुवातीचे काही आठवडे बँक शॉटवर, म्हणजे चेंडू कुशनवर आपटून पॉकेटमध्ये घालण्याच्या फटक्यावर, पैज लावू नये, कारण कोऱ्या कापडावर चेंडू कुशनवरून घसरतो आणि कोन लांबतो.