फेलिसिटी केंडलचे दोन डीव्हीडी आणि एक पुस्तक : सातशे रुपये वसूल झाले काय?

बेळगावात टिळकवाडीला पहिल्या रेल्वे गेटच्या अलीकडं जुनी पुस्तकं आणि डिस्क विकणारं एक बारकं दुकान आहे, नाव लिहीत नाही कारण खाली तक्रार पण करणार आहे. तिथनं मागच्या महिन्यात मी तीन वस्तू उचलल्या, तिन्ही एकाच बाईच्या. ‘द गुड लाईफ’ ह्या बीबीसीच्या जुन्या कॉमेडी सिरीयलचा डीव्हीडी सेट, ‘शेक्सपियरवाला’ सिनेमाची डिस्क आणि ‘व्हाइट कार्गो’ हे तिचं इंग्रजी आत्मचरित्र. साडेआठशे सांगितले, घासाघीस करून सातशेला आलं. बाई म्हणजे फेलिसिटी केंडल. कोण ही म्हणाल तर शशी कपूरची मेव्हणी, जेनिफरची धाकटी बहीण. आमच्या आईला मी एवढंच सांगितलं तर लगेच चष्मा पुसून येऊन बसली.

आधी तक्रार. दुकानात मी विचारलं होतं, "काका, हे आपल्या प्लेअरवर चालतंय न्हवं?" तर म्हणाले, "न चालायला काय झालंय वो, घेऊन जा की!" घरी येऊन सेट घातला तर स्क्रीनवर रीजन (म्हणजे डिस्क जगाच्या कुठल्या भागात चालणार तो भाग) चुकीचा म्हणून मेसेज. मग बॉक्स उलटा करून बघितला तर बारक्या गोलात २ छापलेलं. इंग्लंडच्या डिस्क रीजन २ च्या असतात, आपला भारत रीजन ५ मध्ये येतो, त्यामुळं इथला साधा प्लेअर ती घेत नाही. शेवटी भाच्याचा जुना लॅपटॉप आणला, त्यात रीजन बदलता येतो पण फक्त पाच वेळा, नंतर कायमचा लॉक. म्हणजे आता तो लॅपटॉप इंग्लंडच्याच नावावर लिहून दिला म्हणायचा. दुकानदार काकांना जाऊन सांगितलं तर म्हणाले "असं पण असतंय काय?" चिडायचं तरी कुणावर, मागची तुटकी कॅसेट मात्र त्यांनी न मागता बदलून दिली होती ते पण सांगायला पाहिजे.

सिरीयल मात्र झकास आहे. १९७५ ते १९७८, एकूण ३० एपिसोड, प्रत्येक अर्ध्या तासाचा. चाळिशीला आलेला एक माणूस नोकरी सोडतो आणि लंडनजवळच्या सर्बिटन ह्या चकचकीत कॉलनीत अंगणातलं लॉन उकरून भाजी लावतो, कोंबड्या, डुकरं, बकरी पाळतो. फेलिसिटी त्याची बायको बार्बरा. शेजारची मार्गो नाक मुरडत असते, ती पेनलोपी कीथ, आणि खरं सांगायचं तर बऱ्याच सीनमध्ये तीच भाव खाऊन जाते. आईनं दोन एपिसोड बघितले आणि म्हणाली, "आमच्या वडगावात लोकं बासमतीची शेतं विकून प्लॉट पाडायलेत, आणि ह्यो बाबा चांगली नोकरी सोडून चिखलात उतरलाय, आणि त्याला लोकं हसायलेत?" पण मग तीच तिसरा लाव म्हणाली. चिखलानं माखलेली बार्बरा हसते ना, त्यात काही नाटकी वाटत नाही. सबटायटल फक्त इंग्रजी, आणि शेजारी-शेजारी बोलण्यातले टोमणे अर्धे डोक्यावरून जातात, हे धरून घ्या.

पण खरा माल ‘शेक्सपियरवाला’त आहे, नुसती सिरीयल घेऊन आलात तर ही बाई कोण ते कळणारच नाही. १९६५ चा ब्लॅक अँड व्हाइट सिनेमा, जेम्स आयव्हरीचा, संगीत चक्क सत्यजित राय यांचं. भारतात गावोगाव शेक्सपियर करत फिरणारी इंग्रज नाटक कंपनी, स्वातंत्र्यानंतर तिला कुणी बोलवेना झालंय. कंपनीच्या मालक-मालकिणीचं काम फेलिसिटीच्या खऱ्या आई-वडिलांनीच केलंय, कारण त्यांची खरोखरच ‘शेक्सपियराना’ नावाची कंपनी होती, शाळा-संस्थानांत फिरायची. उत्पल दत्त त्यात महाराजा झालेत, तेही ह्याच कंपनीत काम केलेले. आणि शशी कपूर तिचा हिरो! घरात दाजी, पडद्यावर प्रियकर, आई दोन मिनिटं गप्पच झाली. बर्लिनला बक्षीस मिळालं ते मधुर जाफरीला, सिनेमातल्या नटीच्या कामाला, आणि ते योग्यच होतं. फेलिसिटी त्यात अजून कच्ची आहे, पण ट्रंका भरताना, मेकअप पुसताना जी सहजता आहे ती शिकून येत नाही.

ती कुठनं आली ते पुस्तकात. जन्म इंग्लंडमध्ये १९४६ चा, नऊ महिन्यांची असताना पहिल्यांदा स्टेजवर, कुणाच्या तरी कडेवर. मग सगळं लहानपण भारतात, रेल्वेत, कॉन्व्हेंट शाळांत. अंथरुणाला खिळलेल्या वडिलांच्या उशाशी बसून ती हे सगळं आठवत जाते, मध्येच इस्पितळ, मध्येच भारतातला पाऊस. हे वाचताना मला आमच्या आजीच्या गोष्टी आठवत होत्या, तिचे काका नाटक कंपनीत आचारी होते, कंपनीचं बिऱ्हाड हललं की पोरंबाळं, पेटी, पडदे, तांब्याची भांडी सगळं एका वाघिणीत. गुर्लहोसूर आपल्याच जिल्ह्यातलं, अण्णासाहेब किर्लोस्करांचं जन्मगाव, त्यामुळं ‘कंपनी’ म्हटलं की आपल्याला फॅक्टरीच्या आधी नाटक आठवायला हरकत नाही.

एक गोष्ट मात्र ह्या तिन्हीत नाही, ती म्हणजे तिची लंडनची नाटकं. १९७९ ला ‘अमाडेयस’ नॅशनल थिएटरला पहिल्यांदा झालं त्यात संगीतकार मोझार्टची बायको हीच. १९९३ ला नाटककार टॉम स्टॉपर्डच्या ‘आर्केडिया’त, १९९५ ला त्याच्याच ‘इंडियन इंक’मध्ये, ती तर हिंदुस्थानात आलेल्या इंग्रज कवयित्रीची गोष्ट, म्हणजे फिरून परत इथंच. माझ्या सातशे रुपयांत त्यातलं एक वाक्य पण ऐकायला मिळालं नाही. किर्लोस्करांचं १८८० चं ‘शाकुंतल’ तरी कुठं आपण ऐकलंय म्हणा, पण चुटपुट लागते ती लागतेच.

तर पाचपैकी सिनेमाला साडेचार, पुस्तकाला चार, सिरीयलला साडेतीन, दुकानाला तीन. सिनेमाची डिस्क साध्या प्लेअरवर सरळ चालली. दुकानात तिच्या बागवाल्या डिटेक्टिव्ह सिरीयलचा, ‘रोझमेरी अँड थाइम’चा एक सेट अजून पडलाय, वरच्या फळीवर डिक्शनऱ्यांच्या मागं. जाणार असाल तर आधी बॉक्सवरचा गोलातला आकडा बघा, काकांना विचारू नका.