बोटीच्या मोटरचा गिअर सुटतो म्हणून डॉग क्लच बदलायला सांगितलं तर आधी हे तपासा

रामटेककडच्या एका ढिवर बांधवाची बोटीच्या मागे लावायची जुनी टू-स्ट्रोक आउटबोर्ड मोटर. थंडाव्याच्या पाण्याची धार बंद पडली म्हणून त्याने ती नागपुरात दुरुस्तीला दिली. इम्पेलर (पाणी खेचणारं रबरी चाक) बदलून मिळाला. पंधरा दिवसांतच रिव्हर्स लागेना आणि फॉरवर्डमध्ये जोर दिला की गिअर खटकन सुटू लागला. मेकॅनिकने सांगितलं, "गिअर आणि डॉग क्लच दोन्ही गेले." (डॉग क्लच म्हणजे पंख्याच्या शाफ्टवरचा, पुढच्या किंवा मागच्या गिअरमध्ये अडकणारा दातेरी तुकडा.) 26,000 रुपये घेतले. मोटर सुधारली, पण जुने भाग मागूनही मिळाले नाहीत.

खरं तर आतलं काहीच बदललं नव्हतं. डॉग क्लच काढायचा तर पंख्याचा शाफ्ट मागून ओढावा लागतो आणि त्यासाठी बेअरिंग कॅरिअर (शाफ्टला धरून ठेवणारं मागचं झाकण) उघडावाच लागतो. इथे त्याच्या बोल्टवरचा जुना रंग आणि साचलेला गाळ जसाच्या तसा होता. पाना लागलाच नव्हता. फक्त शिफ्ट रॉडचा (गिअर बदलणाऱ्या दांड्याचा) जोड फिरवून दिला होता!

इम्पेलरसाठी लोअर युनिट (मोटरचा पाण्यातला खालचा भाग) उतरवताना हा रॉड सोडावा लागतो. जोडताना तो दोन-तीन आटे कमी-जास्त बसला, तर आतला कॅम डॉग क्लचला एका बाजूला पूर्ण ढकलतो, दुसऱ्या बाजूला अर्धवट. दात टोकांवरच अडकतात आणि भार आला की निसटतात. तसंच महिनोन् महिने चालवलं तर टोकं गोल होतात आणि मग डॉग क्लच खरोखरच बदलावा लागतो. म्हणून अशी मोटर चालवत राहू नका.

तपासणी पंधरा मिनिटांची आहे. इंजिन बंद करा, प्लगच्या वायर काढा. न्यूट्रलमध्ये पंखा दोन्हीकडे मोकळा फिरला पाहिजे. मग पंखा हाताने हळू फिरवत लिव्हर पुढे न्या, गिअर कुठे पकडतो तिथे खूण करा. मागेही तसंच. न्यूट्रलपासून दोन्ही खुणांचं अंतर साधारण सारखं हवं. एकीकडे लवकर आणि दुसरीकडे उशिरा पकडत असेल, तर दोष आधी शिफ्ट रॉडच्या जुळणीत शोधा. चेक नट (जोड जागी धरणारा) सैल करून जोड एकेक आटा फिरवा, दर वेळी पुन्हा तपासा, शेवटी नट घट्ट करा. काही मॉडेलमध्ये हा जोड बाहेरून दिसत नाही, बाजूची झाकणपट्टी काढावी लागते. रिमोट केबल (लांबून गिअर बदलणारी) असेल तर केबलचा जोड निदान 8 मिलिमीटर आत बसलेला हवा, नाहीतर चालू बोटीत तो निघून येतो.

अंतर सारखं असूनही गिअर सुटत असेल तर लोअर युनिटचा खालचा स्क्रू काढून गिअर ऑइल पाहा. लोखंडाचे तुकडे आले तर आत झीज आहे, तेव्हा युनिट उघडणं योग्यच. ऑइल दुधाळ दिसलं तर सीलमधून पाणी शिरतंय. तो वेगळा खर्च आहे, गिअरचा नव्हे.

मोटर दुरुस्तीला देण्याआधी कॅरिअरच्या बोल्टचे फोटो काढा आणि जुने भाग परत मिळतील हे पावतीवरच लिहून घ्या. डॉग क्लच बदलला असेल तर कॅरिअरची ओ-रिंगही (पाणी अडवणारी रबरी रिंग) नवी हवी. बिलात ती नसेल तर तिथेच विचारा. पैसे गेलेच असतील तर ग्राहक हेल्पलाइन 1915 आहे. स्वतःच्या पोटापाण्यासाठी डोंगा चालवणाराही कायद्याने ग्राहकच ठरतो. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. तिथे हेच फोटो आणि पावती जोडा.