विज्ञान शिक्षकांसाठी माती संशोधन कार्यशाळा (सांगली), जायचं का?

कॉलेजचं नाव टाकत नाही, सांगलीतल्या विज्ञान शिक्षकांना मेसेज आलेला असणारच. प्रशिक्षण म्हणलं की प्रोजेक्टर आणि सहीचा कागद, पण इथं हातात खुरपं आणि पाटी देऊन सरळ उसाच्या क्षारपड रानात नेलं, मीठ फुटून पांढरी पडलेली जमीन कृष्णाकाठाला काय कमी नाही म्हणा.

सॅम्पल म्हणजे माती उचलून पिशवीत भरली असं नाही. व्ही आकाराचा खड्डा, त्याच्या कडेची 15-20 सेंटीमीटरपर्यंतची माती, मग सगळी मिसळून चार भाग, समोरासमोरचे दोन टाकायचे, अर्धा किलो उरेपर्यंत परत तेच. पीएच मीटर आधी बफरवर (पीएच ठरलेला असतो असं द्रावण) सेट करायचा, आमच्या शाळेतला मीटर कधी कुणी बफरला लावला असेल तर शपथ.

खरी मजा पुढं. एकाच पिशवीतली माती आणि गटात प्रत्येकाचं रीडिंग वेगळं. बरोबर कुठलं विचारलं तर मॅडम म्हणाल्या, "मला काय माहिती, तुम्हीच शोधा." जरा रागच आला, पण शोधताना कळलं की कुणी नीट ढवळलंच नव्हतं, कुणी पाणी अंदाजानं ओतलेलं, आणि पाणी वाढलं की क्षारतेचा आकडा खाली येतो. म्हणून तर खारवट जमिनीची 4 डेसिसायमन प्रति मीटर ही मर्यादा संपृक्त अर्काची (माती पुरती भिजून लगदा होईल एवढंच पाणी घालून काढलेला अर्क), एक भाग मातीला अडीच भाग पाणी घालून काढलेला आकडा तिच्याशी थेट ताडायचा नाही. हे बीएस्सीला कुणी सांगितलं नव्हतं.

शाळेत आठवीच्या पोरांना आपापल्या रानातली माती आणायला लावली. लिटमस लाल-निळा घोकणारी पोरं "सर, आमच्या खालच्या पट्टीतच आकडा का वाढतोय" विचारायला लागली, मग पाटपाणी, निचरा, पाण्याची वाफ होऊन मागं राहणारे क्षार, तास पुरला नाही. एकाच्या घरी जिप्सम टाकायचं चाललेलं, पण ते चोपण (सोडियम जास्त झालेल्या, पीएच 8.5 च्या वर गेलेल्या) जमिनीला लागतं आणि ह्याच्या मातीचा पीएच 8.5 च्या बराच खाली. त्याच्या आजोबांना ते आधीच माहिती होतं, ते सोडा.

वैताग पण आहे. मान्यवरांच्या भाषणात अख्खी दुपार गेली, मीटर मोजके म्हणून लाईन. सगळ्या शाळांचे आकडे ज्या ग्रुपवर टाकायचे ठरलेलं तिथं आता नुसतं सुप्रभात. तो डेटा कुणी गोळा केला तर ह्याला संशोधन म्हणता येईल, आत्ता तरी एक चांगलं प्रात्यक्षिक.

पाचपैकी साडेतीन. सर्टिफिकेटसाठी जाऊ नका. जाणार असाल तर उन्हाळ्यातली बॅच घ्या, क्षार डोळ्यानं दिसतात, पावसाळ्यात चिखलाशिवाय काही हाताला लागत नाही.